चौघांची केबिन

आमच्या घरात कुठलीच गोष्ट तालमीशिवाय होत नाही. इरम्मा आत्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा अप्पांनी तिला आधी आठवडाभर डोळ्यांवर फडकं बांधून घरभर फिरवलं होतं. माझं गॅदरिंगमधलं भाषण होतं, तेव्हा दुकानातल्या गिऱ्हाइकांना पोत्यांवर बसवून माझ्यापुढं टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. एक काका मध्येच उठून म्हणाले, "पोरगी झ्याक बोलती, पण डीएपी खत कवा येणार ते सांगा."

त्यामुळं जहाजावर झोपायची तालीम लोहाऱ्यात, आमच्याच गोडाऊनमध्ये करायची असं अप्पांनी जाहीर केलं, तेव्हा मला जराही नवल वाटलं नाही.

अप्पांचं, म्हणजे शिवकुमार अप्पांचं, बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. बियाण्याच्या कंपन्या दुकानदारांना दरवर्षी काही ना काही देतात. आधी मिक्सर आला, मग भिंतीवरचा टीव्ही. गेल्या हंगामात अप्पांनी सोयाबीनचं बी इतकं खपवलं, की कंपनीनं थेट क्रूझ दिली. मुंबईहून गोवा आणि परत. एक केबिन, चार माणसं. आम्ही चारच: अप्पा, आई, मी आणि माझी धाकटी बहीण दैवशाला. पणजीचं नाव तिच्या वाट्याला आलं, म्हणून आम्ही तिला दैवू म्हणतो. ती यंदा पहिलीत गेलीय. आत्या आमच्यातच राहते, पण तिनं आधीच सांगून टाकलं होतं, "पाण्यावर झोपाया मी काय बेडूक हाय व्हय?"

मी तर हवेतच होते. आठवीपर्यंत मला वर्गात कुणी नाव विचारलं तरी घाम फुटायचा. नववीत खो-खोच्या टीमची कॅप्टन झाले आणि काय झालं कुणास ठाऊक, तोंड उघडलं ते मिटेचना. जहाजाची बातमी मी शाळेत सांगितली, क्लासमध्ये सांगितली, उमरग्याच्या एसटीत कंडक्टरला सांगितली. त्यानं तिकीट फाडत विचारलं, "मग आता आमच्या लाल डब्यात बसणार का न्हाय?"

अडचण एकच होती. आई.

माझी आई, महेश्वरी, बंद खोलीत झोपत नाही. थंडीतसुद्धा आमच्या खोलीच्या दाराला ती वीट लावून ठेवते, दार मिटू नये म्हणून. सोलापूरच्या दवाखान्यात सगळे लिफ्टनं जातात, आई जिन्यानं. याचं कारण आमच्याकडं कुणी कुणाला विचारत नाही. आईचं माहेर सास्तूरच्या बाजूचं. गणपती बुडवले त्या रात्री भूकंप झाला, तेव्हा ती दैवूएवढी होती. त्या घरात कोण कोण झोपलं होतं आणि कोण बाहेर आलं, हे ती कधीच सांगत नाही. आमच्या तालुक्यात निम्म्या घरांत असं काहीतरी न सांगितलेलं आहेच, त्यामुळं त्यात काही वेगळं वाटत नाही.

कंपनीच्या माणसानं केबिनचा व्हिडिओ पाठवला. पांढरी चादर, गुळगुळीत भिंती, भिंतीतून खाली येणाऱ्या दोन वरच्या बर्थ. खिडकी नाही. तो माणूस हसून म्हणत होता, की आत दिवस-रात्र सारखीच, झोप एकदम मस्त लागते. आईनं पूर्ण व्हिडिओ बघितला आणि फोन परत दिला.

"तुम्ही तिघं जावा," ती म्हणाली.

अप्पांनी फोन खिशात टाकला. मग म्हणाले, "तू न्हाय, तर मी बी न्हाय. अक्षय तृतीयेपर्यंत नावं कळवायचीत. तवर सवय लावू. न्हाईच झोप लागली, तर तिकिटं परत."

तिकिटं परत! मी त्या रात्री आईचे पाय दाबले, न सांगता.

केबिन बांधायला वेळ लागला नाही. गोडाऊन जुनं, दगडी, वर स्लॅब. हंगामाचा माल येऊन पडलाच होता. अप्पांनी खडूनं जमिनीवर माप आखलं. एका बाजूला गोडाऊनची दगडी भिंत, बाकी तिन्ही बाजूंनी सोयाबीनच्या बियाण्याच्या पोत्यांची थप्पी, अप्पांच्या डोक्याच्याही वर. छताला काळी ताडपत्री. सोमलिंग वेल्डरनं दुकानातल्या रॅकच्या पट्ट्या कापून दोन वरच्या बर्थ केल्या, एक शिडी केली आणि प्लायचं दार बसवलं. दार आत उघडणारं झालं. अप्पा म्हणाले, जहाजातही तसंच असतं.

आत दोन खाटा जोडून डबल बेड. तो पोत्यांच्या भिंतीला चिकटवलेला. बेड आणि दगडी भिंत यांच्यामध्ये एका माणसाला चालता येईल एवढी बोळ, बोळीच्या टोकाला दार. बस. बाथरूम बांधायची राहिली, कारण आत्या म्हणाली, "तेवढी तालीम नगं."

मग कुणी कुठं झोपायचं यावर जे काय झालं, ते विचारू नका. दैवूला वरचीच बर्थ पाहिजे होती. आई म्हणाली, पडेल. अप्पांनी बर्थला ओढणी आडवी बांधली. बेडवर भिंतीकडं अप्पा, बोळीकडं आई, म्हणजे तिला वाटलं तर पटकन उठून जाता येईल. अप्पांच्या डोक्यावर दैवू. माझी बर्थ दगडी भिंतीला, बरोबर बोळीच्या वर.

आत्यानं दारातून मान आत घातली. "डोकी कुणीकडं केली रे, शिवकुमार? उत्तरंला न्हाय ना?"

"अक्का, जहाज वळतंय. घडीला दिशा बदलती."

"मग झोपलेल्यांनी बी वळावं," आत्या म्हणाली आणि बाहेर स्टुलावर सुपारी कातरत बसली.

पहिल्या दुपारी जेवणं झाली आणि आम्ही चौघं आत गेलो. अप्पांनी दार लावलं, बल्ब बंद केला. बाहेर एप्रिलचं ऊन फुफाट्यासारखं होतं आणि आत स्वतःचा हात दिसत नव्हता. टेबलफॅन घरघरत होता. बियाण्याचा तो जरा गोडसर, जरा औषधी वास. मी डोळे उघडे ठेवून अंधाराकडं बघत होते आणि मला वाटलं, खाली खरंच पाणी आहे. काय मजा!

आईचा श्वास मात्र ऐकू येत होता. लहान लहान, वरच्या वर. मग खाट कुरकुरली. पावलं. दार उघडलं, उजेडाची फट आत आली आणि आई बाहेर गेली.

मी उडी मारूनच तिच्या मागं गेले. ती माठाशी बसून पाणी पीत होती. कपाळावर घाम.

"दैवूला खाली कुणी निजवलं गं?" ती म्हणाली. "अंधारात पायाखाली आली असती. ओलांडून आले."

"दैवू वरच हाय, आई."

तेवढ्यात दैवूचाच आवाज आतून आला, "अप्पा, जहाज थांबलं का?" ओढणीवरून तिचं उलटं डोकं लोंबत होतं.

आई माझ्याकडं बघत राहिली. आत्यानं मात्र अर्धंच ऐकलं होतं.

"ओलांडलीस व्हय पोरीला? मग परत ओलांड. खुंटंल पोर."

आमच्याकडं हे सगळ्यांनाच माहीत आहे. झोपलेल्या माणसाला ओलांडायचं नाही. ओलांडलंच, तर आल्या वाटेनं परत ओलांडायचं, म्हणजे फिटलं. नाहीतर खालच्याची वाढ थांबते.

"वन्सं, तिथं कुणीच न्हवतं," आई म्हणाली. "मलाच भास झाला."

"नसंना. पाय उचललास ना? परत उचलाया काय पैसं पडत्यात?"

आई हसली. उठली, निऱ्या जरा वर धरल्या आणि दारातून आत पाय टाकताना मोकळी जमीन ओलांडली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

"आता बाहेर कशी येऊ?" ती आतून म्हणाली. "परत ओलांडावं लागंल."

"मग परत आत जा!" मी ओरडले.

"म्हणजे आतच ऱ्हाऊ का मी?"

सगळे हसलो. सगळ्यांत जास्त मीच. आई शेवटी बाहेर आली ती ओलांडून नाही. बेडच्या काठाला धरून, पाय चोरत, कडेकडेनं. मधे बोळीत एक माणूस पडलं असेल एवढी जागा सोडून.

पुढच्या दुपारी पंखा मध्येच बंद झाला. लाईट गेली होती. पंखा थांबला की किती बारीक आवाज असतात, ते कळतं. मी पडल्या पडल्या मोजायला लागले. अप्पांचं घोरणं, शेवटी शिट्टी वाजवणारं. दैवूचं तोंडानं श्वास घेणं, तिचं नाक नेहमीच चोंदलेलं. आईचा तो उथळ श्वास.

आणि एक अजून. संथ. लांब. गाढ झोपलेल्या माणसाचा. माझ्या बरोबर खालून, जमिनीच्या पातळीवरून येणारा.

मी घाबरट नाही. पहिल्यांदा मला वाटलं, आत्या. पण आत्या दाराबाहेर स्टुलावर होती आणि तिचा अडकित्ता वाजत होता. मग वाटलं, पोती. बी आत सरकलं की पोतं सुस्कारतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण पोतं एकदाच सुस्कारतं. श्वास आत घेत नाही.

मी शिडीवरून पाय खाली सोडला. तळपायाला जमीन लागायच्या आधी ऊब लागली. कापडाची, वापरलेल्या वाकळेची ऊब. मी पाय वर घेतला आणि मोबाईलचा उजेड पाडला. खाली फरशी होती. खडूची रेघ होती. बाकी काही नाही.

मी कुणाला काही बोलले नाही. बोलले असते, तर आई परत आत गेलीच नसती. आणि तिकिटं परत.

पण पडताळून बघायला काय हरकत? दुसऱ्या दिवशी मी बोळीच्या मधोमध पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला, वर फुलपात्र. आम्ही झोपलो. पंखा चालू होता, कुणी उठलं नाही, हे मी जागी राहून पाहिलं. बल्ब लावला तेव्हा तांब्या बेडच्या पायाशी होता, भिंतीला लागून. एक थेंब सांडला नव्हता. अंग टाकायच्या आधी माणूस आपल्या जागेतली वस्तू हलकेच बाजूला सारतो ना, तसा.

आणि त्याच दुपारी आईला झोप लागली होती.

अप्पांना काय करू आणि काय नको असं झालं. "बघ, म्हणलं न्हवतं? सवय!" त्यांनी पेढे आणले. आत्याला म्हणाले, "अक्का, आता तू बी चल, तुला डेकवर निजवू."

आई खरंच झोपायला लागली. नुसती नाही, गाढ. मग अप्पा दुकानात असले, मी क्लासला असले, तरी ती जेवणाची भांडी तशीच ठेवून गोडाऊनकडं जायची. एकदा मी परत आले आणि केबिनचं दार आतून लावलेलं होतं. माझ्या आईनं. आतून कडी. मी दार वाजवलं, पुष्कळ वेळानं ते उघडलं. आईच्या गालावर उशीच्या शिवणीची खूण होती.

"किती झोपलीस गं?"

"लई," ती म्हणाली आणि हसली, अगदी लहान मुलीसारखी.

मी आत डोकावले. पंख्याचं तोंड बेडकडं नव्हतं. खाली, बोळीकडं वळवलेलं होतं. आणि जमिनीवर आईची पातळ चादर चौघडी घालून अंथरली होती.

"हे कुणाला?"

"फरशी गार लागती," आई म्हणाली.

"कुणाला, आई?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. "तू जेवलीस का?"

मी आत्याला विचारलं. सरळ नाही, आडून. लहानपणी आई घरात कुठं झोपायची, असं. आत्याचा अडकित्ता थांबला. सुपारीचं खांड तसंच हातात धरून म्हणाली, "तिच्या माहेरचं मला काय ठावं? लगीन झालं तवा एकच सांगितलं हुतं तिच्या चुलत्यानं. दाराशी कुणाला निजवू नका, म्हणला. ही उठंल आन् बसून ऱ्हाईल रातभर."

"का?"

"म्या न्हाय विचारलं," आत्या म्हणाली. "तू बी विचारू नगंस."

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी शेवटची तालीम ठेवली होती. चौघांनी, दार लावून, चहापर्यंत झोपायचं. मग अप्पा फोन करून नावं कळवणार. मी त्या दिवशी मनातून म्हणत होते, एवढी एक दुपार जाऊ दे. एकदा जहाजात बसलो की हे गोडाऊन इथंच राहील आणि आईही सुटेल.

आईनं दुपारभराचं काम भराभरा आटोपलं. केस विंचरले. सगळ्यांच्या आधी आत जाऊन आपल्या जागेवर पडली, बोळीकडं तोंड करून, एक हात खाटेखाली सोडून.

ऊन फार होतं. मला डोळा कधी लागला, ते कळलं नाही.

जाग आली ती शांततेनं. पंखा बंद होता. अंधार इतका गच्च, की डोळे उघडलेत का मिटलेत ते कळेना. अप्पा घोरत होते. दैवूचं नाक वाजत होतं. खालून तो संथ श्वास येत होता, आता लपतछपत नाही, मोकळा.

आईचा श्वास माझ्या अगदी जवळ होता. ती बोळीत उभी होती, माझ्या बर्थला धरून.

"आई?"

"हळू," ती कुजबुजली. "उठंल."

"कोण?"

"मला बाहेर जायचंय, अंजू. जीव घाबरा झालाय. पण कशी जाऊ? ती आडवी झोपलीय."

मी मोबाईल चाचपडला. उजेड पडला. आईचा चेहरा घामानं निथळत होता. तिच्या पायांपुढं अंथरलेली चादर होती. चादरीवर कुणी नव्हतं.

चादर मध्ये जरा खोल होती.

"कुणीच न्हाय, आई. चल. पाय टाक."

"न्हाय. मागं एकदा ओलांडून गेले," ती म्हणाली. "परत यायचं राहिलं."

मी अप्पांना हाक मारली. दोनदा मारावी लागली. अप्पा उठले, डोळे चोळत काय झालं, लाईट गेली का, असं म्हणत बेडच्या पायाकडून उतरले आणि वाकून दाराची कडी काढली. दार आत ओढलं.

ते चार बोटं उघडलं आणि थांबलं.

"पोतं घसरलं वाटतं खाली," अप्पा म्हणाले. त्यांनी परत ओढलं. दार खणकन अडलं नाही. मऊ लागलं. किंचित आत दबलं आणि परत जागेवर आलं.

अप्पांनी दाराखालच्या फटीत हात घातला, काय अडकलंय ते बघायला.

त्यांचा हात तिथं जरा वेळ राहिला.

मग त्यांनी तो हळूच काढून घेतला. शर्टाला पुसला. अप्पांना मी कधी आवाज न चढवता घाई करताना पाहिलं नव्हतं.

"अंजू," ते म्हणाले. "दैवूच्या बर्थवर जा. तिकडची पोती ढकल. बाहेरच्या बाजूला. वरून काढू सगळ्यांना."

"अप्पा, काय हाय तिथं?"

"पोती ढकल."

मी एका उडीत त्या बाजूला गेले. दैवू रडत उठली. मी बर्थची पट्टी हातांनी घट्ट धरली आणि दोन्ही पायांनी वरचं पोतं रेटलं. ते हललं नाही. परत. बाहेरून आत्याचा आवाज आला, "काय चाललंय गं?" तिसऱ्यांदा पोतं गेलं, बाहेर धप्पकन पडलं. मग दुसरं. ताडपत्री सुटली आणि उजेडाची पट्टी आत आली, धुळीनं भरलेली.

अप्पांनी खालून दैवूला आधार दिला. मी तिला पोत्यांवरून पलीकडं सोडलं. आत्यानं धरलं.

"आई, ये."

आई जागची हलेना. ती खाली बघत होती.

"तिला सोडून?"

"आई, तू तिला ओलांडत न्हाईस," मी म्हणाले. कुठून सुचलं, माहीत नाही. "ह्या बाजूनं गेलं तर ओलांडल्यासारखं होत न्हाय. ती तिकडं झोपलीय. तू इकडून चाललीस."

आईनं माझ्याकडं बघितलं. खरंच विचारावं तसं विचारलं, "न्हाय होत?"

"न्हाय होत."

ती चढली. अप्पांनी खालून आधार दिला, मी वरून ओढलं. पोत्यावर आल्यावर उजेडात तिनं असा श्वास घेतला, की मला रडूच आलं. ती पलीकडं उतरली. मग अप्पा गेले. "चल, अंजू," म्हणत त्यांनी पलीकडून हात वर केला.

मी एकटी आत राहिले.

आता चांगला उजेड होता. बोळ दिसत होती, चादर दिसत होती, दार दिसत होतं. साधं प्लायचं दार. आमच्या सोमलिंगनं केलेलं. मला एकदम संताप आला. आईचा, अप्पांचा, सगळ्याचाच. एवढ्या लोकांनी घाबरायचं, कशाला? मी कॅप्टन आहे. मी पोत्यांवरून पळून जाणार नाही.

मी शिडीनं खाली उतरले. कडी निघालेलीच होती. दार ओढलं.

ते पूर्ण उघडलं. सहज. काही अडलं नाही.

मी बाहेर पडले. पाय मात्र मी न उचलता उचलला गेला, उंच, चादरीच्या वरून.

मागं कापड सळसळलं. कुशीवर वळावं तसं.

बाहेर आत्या दैवूला कडेवर घेऊन उभी होती. तिनं मला बघितलं, मग दाराकडं.

"तू कुठनं आलीस?"

"दारातनं."

ती दैवूला खाली ठेवून दाराकडं निघाली, मला दंडाला धरून. पण आम्ही तिथं पोचायच्या आधीच वरची पोती कलली. मी काढलेल्या जागेतून सगळी थप्पी सावकाश आत झुकली आणि बसली. बेड, बोळ, दार, सगळं खाली. नुसती पिवळी धूळ वर येत राहिली.

संध्याकाळपर्यंत अप्पांनी माणसं लावून माल हलवला. पोती टेम्पोत भरून अणदूरच्या दुकानदाराला धाडली. लोखंड सोमलिंग घेऊन गेला. ती चादर कुणाला सापडली नाही. गोडाऊन झाडून काढलं, खडूच्या रेघा पाण्यानं पुसल्या.

"तुझं परत ओलांडायचं राहिलं," आत्या मला म्हणाली.

"आता कुठं ओलांडू? केबिनच न्हाय." मी हसले.

आत्या हसली नाही.

अक्षय तृतीयेला पुरणाचं जेवण झालं आणि अप्पा आईसमोर बसले. दोघंही त्या दुपारबद्दल बोलले नव्हते. अप्पा म्हणाले, "मी न्हाय म्हणून कळवतो. तू जिवाला लावून घेऊ नको."

"का म्हणून?" आई म्हणाली. "चौघांची नावं सांगा. मला झोप लागंल."

आणि लागते. आई आता पार बदललीय. दाराची वीट तिनं स्वतःच अंगणात नेऊन ठेवली. रात्री दार ती स्वतः लावते. परवा सोलापूरला लिफ्टमध्ये सगळ्यांत आधी ती शिरली. अप्पा तिच्याकडं बघून खुश असतात, फक्त तो उजवा हात ते जेवायच्या आधी फार वेळ धुतात.

माझंही छान चाललंय. सुट्टीतला खो-खोचा सराव सुरू झालाय. मुली चिडवतात एवढंच. मी म्हणे प्रत्येक दारातून आत जाताना पाय उंच टाकते. "शिवांजले, कुत्रं ओलांडतीस का काय?" माझ्या ध्यानातच येत नाही. क्लासच्या दारात, दुकानाच्या दारात. घरी सगळ्यात जास्त, असं दैवू म्हणते. मी म्हणाले, खेळाची सवय असेल.

जहाज पुढच्या सोमवारी आहे. काल दुपारी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात निघाले. आई आत खाली बसून बरोबर न्यायच्या चटणीसाठी शेंगदाणे सोलत होती, साली फुंकून उडवत होती, गुणगुणत होती. मी दारात आले आणि पाय उचलला.

"अंजू," आई मान वर न करता म्हणाली, "डोक्याकडनं नको. पायाकडनं ये."

मी थांबले. मग दुसऱ्या बाजूनं आत गेले. पाय कुठल्या बाजूला आहेत, हे मला विचारावं लागलं नाही.